वाचकांचे प्रश्न : संगणकावरचं संगीत शिकवायचं, तर सामान काय लागतं?

मिरजेत माझ्याकडे येणारी मुलं तंबोऱ्याच्या जोडीनं संगणकावरही संगीत शिकतात, असं मी या पानावर मागं एकदा लिहिलं होतं. त्यावर बरीच पत्रं आली. बहुतेकांना एकच विचारायचं होतं : विकत काय घ्यायचं? काही पत्रांतला प्रश्न मात्र त्याच्या पुढचा होता. त्यांतली सहा पत्रं इथे घेतली आहेत.

आमची माध्यमिक शाळा चिपळूणजवळच्या एका गावात आहे. माजी विद्यार्थ्यांनी संगीतासाठी ६०,००० रुपये जमवून दिले. संगणक कक्षात ४ जीबी रॅमचे १० जुने संगणक आहेत. मुख्याध्यापक म्हणतात, संगणक-संगीताचा वर्ग सुरू करा. मी गायन आणि पेटी शिकवते, संगणकावर आजवर फक्त निकालपत्रकं केली. दुकानदारानं दोन मोठे स्पीकर, मिक्सर आणि ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड असं अंदाजपत्रक दिलंय. घेऊ का? — एक संगीतशिक्षिका

ताई, हे सामान घेऊ नका. सामान वाईट आहे असं नाही, ते स्नेहसंमेलनाचं आहे, वर्गाचं नाही. दोन स्पीकरवर एका वेळी एकाच मुलाचं काम ऐकू येईल आणि बाकीची नऊ हात बांधून बसतील. संगणक-संगीतात प्रत्येक मुलाला स्वतःचं काम स्वतःच्या कानानं, पुन्हा पुन्हा, दुसऱ्याला त्रास न देता ऐकता आलं पाहिजे. म्हणून पहिली खरेदी हेडफोनची. पूर्ण कान झाकणारे, वायरचे, १० नग. साधारण १,५०० रुपयांना एक बऱ्यापैकी मिळतो, म्हणजे १५,००० गेले.

दुसरी वस्तू ऑडिओ इंटरफेस. हातात मावणारी डबी असते, एका बाजूला माइक लागतो, दुसऱ्या बाजूची वायर संगणकात जाते. आवाजाची लहर आत आली की ही डबी तिची उंची सेकंदाला ४४,१०० वेळा मोजते आणि ते आकडे संगणकाला देते. संगणकाच्या मागच्या माइकच्या भोकातूनही हे होतं, पण तिथे पंख्यासारखी खरखर येते आणि मुलांना वाटतं आपला आवाजच असा आहे. दोन माइक लागतील असा इंटरफेस घ्या, एक गाणाऱ्याला आणि एक तबल्याला. १२,००० धरा.

माइक डायनॅमिक घ्या. हे मी अनुभवानं सांगते. वर्ग सुरू केला त्या वर्षी मी हौसेनं कंडेन्सर माइक आणला होता. एका मुलीचा यमन ध्वनिमुद्रित केला आणि ऐकायला बसलो तर तीव्र मध्यमाच्या मागे शेजारच्या घरातल्या कुकरच्या तीन शिट्ट्या, छताचा पंखा आणि गल्लीतून रिव्हर्स घेणारी रिक्षा. मुलगी रडवेली झाली. माइकनं त्याचं काम चोख केलं होतं. खोलीत जे जे होतं ते त्यानं टिपलं. कंडेन्सरला शांत, बंदिस्त खोली लागते आणि इंटरफेसमधून ४८ व्होल्टही द्यावे लागतात. डायनॅमिक माइकला तसलं काही लागत नाही. तोंडापासून मूठभर अंतरावर धरला की तो जवळचं ऐकतो, लांबचं बरंचसं सोडून देतो. माइकला ९,०००, स्टँड आणि वायरींना ३,०००.

ध्वनिमुद्रणाच्या कोपऱ्यात गाणाऱ्याच्या पाठीमागे दोन जाड गोधड्या टांगा. माइक गाणाऱ्याकडे तोंड करून असतो, म्हणजे पाठीमागची मोकळी भिंतच त्याला आवाज परत पाठवत असते. गोधडीनं घुमारा इतका कमी होतो की मुलं थक्क होतात, आणि त्याला एक रुपयाही लागत नाही. तुमच्याकडे पत्र्याचं छप्पर असेल तर जून ते सप्टेंबर ध्वनिमुद्रणाचा नाद सोडा. पावसाचे महिने कापाकापी, जुळवाजुळव आणि लेखनासाठी ठेवा. माइक आणि इंटरफेस घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. कोकणातली दमट हवा धातूच्या जोडण्या खाते.

संगणकाला जोडून वाजवायचे, २५ पट्ट्यांचे दोन छोटे मिडी कीबोर्ड, १२,०००. उरलेल्या पैशांतून तीन संगणकांना एसएसडी, म्हणजे जुन्या हार्ड डिस्कऐवजी वेगवान साठवण, बसवून घ्या, ६,०००. एकूण ५७,००० झाले. राहिलेले ३,००० एक्स्टेन्शन बोर्डांना आणि तुटणाऱ्या वायरींना ठेवा. वायरी तुटतातच.

सॉफ्टवेअरला काही खर्च नाही. ध्वनिमुद्रण आणि कापाकापीसाठी ऑडेसिटी फुकट आहे. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात ते सुरू झालं, २००० साली पहिल्यांदा लोकांसमोर आलं, आणि तुमच्या जुन्या संगणकांवर आरामात चालेल. स्वरलेखनासाठी म्यूझस्कोअर आहे. आणि सॉनिक पाय. केंब्रिजमध्ये सॅम आरन यांनी ते शाळेतल्या मुलांसाठी केलं. त्यात मुलं आज्ञा टाइप करून संगीत वाजवतात.

आता पहिल्या महिन्यात काय करायचं, ते सांगते, कारण सामान आलं की तुम्हाला खरी धास्ती याचीच वाटेल. कीबोर्ड कपाटातच राहू दे. शाळेतला तबला काढा. एका मुलाला माइकसमोर एकेक बोल सुटा वाजवायला सांगा : धा, गे, ना, ती, न, क, धी. मध्ये दोन सेकंद थांबायचं. मग ते ध्वनिमुद्रण ऑडेसिटीत उघडा आणि प्रत्येक मुलाला सांगा, ‘धा’ नेमका कुठे सुरू होतो ते शोध. पडद्यावर लहर मोठी करत जायची. आधी एक सपाट रेघ, मग एकदम उभी उसळी. तिथेच कापायचं. जरा उशिरा कापलं तर बोलाची धार जाते, ‘धा’चा ‘आ’ उरतो. लहर रेघेच्या वर असताना मध्येच कापलं तर ‘टक्’ असा आवाज येतो. लहर जिथे मधली रेघ ओलांडते तिथे कापलं तर येत नाही. हे मी त्यांना आधी सांगत नाही. कापू देते, टक् ऐकू देते. अर्ध्या तासात कुणी ना कुणी शोधून काढतंच. आठवडाभरात ते सुटे बोल एकापुढे एक ठेवून केरवा तयार होतो : धा गे ना ती न क धी ना. आपल्या शाळेचा तबला, आपल्या मित्राचा हात आणि आपण जुळवलेला ठेका. त्या दिवशी मुलांचे चेहरे बघा.

पुढचा महिना सॉनिक पायचा. त्यात ‘प्ले ६०’ असं इंग्रजीत लिहिलं की पांढरी एकचा सूर वाजतो, आणि एक आकडा म्हणजे एक पट्टी, काळ्या-पांढऱ्या सगळ्या धरून. सा ६० धरला तर भूप झाला ६०, ६२, ६४, ६७, ६९, ७२. मुलं तो लिहितात, वाजवतात. मग मी म्हणते, आमच्या मुलींना सा काळी चारचा लागतो, करा बघू. कुणी सगळे आकडे खोडून नवे लिहू लागतो. पण एखादी मुलगी म्हणते, बाई, सगळ्यांतून चारच कमी करायचे ना? पट्टी बदलणं म्हणजे काय हे पेटीवर तीन वर्षं बसून जे कळत नाही, ते तिथे कळतं.

आणि लाइट जाणारच. दर पाच मिनिटांनी सेव्ह करण्याची सवय पहिल्याच तासाला लावा.

मुलगा आठवीत आहे, त्याला संगीत करायचंय. त्याच्या हट्टापायी छोटा मिडी कीबोर्ड मागवला. वीज दिली, दिवे लागले, पण आवाजच येत नाही. दुकानदार म्हणतो, माल चांगला आहे. फसवणूक झाली का? — एक पालक, नांदेड

नाही दादा, तुमची फसवणूक झालेली नाही. त्या कीबोर्डाला आवाज नसतोच. दुकानदारानं हे आधी सांगायला हवं होतं.

आपल्याकडे स्वरलिपीची वही असते ना, तिच्यात सा रे ग म लिहिलेलं असतं, पण वही कानाला लावली तर काही ऐकू येत नाही. मिडी म्हणजे ती वही. मुलानं पट्टी दाबली की कीबोर्ड संगणकाला तीनच गोष्टी कळवतो : पट्टी दाबली, तिचा क्रमांक अमुक, आणि दाब इतका. क्रमांक ० ते १२७ मधला, दाबही ० ते १२७ मधला. बोट उचललं की पुन्हा एक निरोप. त्या निरोपाचं सतारीत, पियानोत की बासरीत रूपांतर करायचं, ते संगणकातलं सॉफ्टवेअर ठरवतं. ही पद्धत १९८३ साली आली. अमेरिकेतले डेव्ह स्मिथ आणि जपानचे इकुतारो काकेहाशी यांनी पुढाकार घेतला, आणि एकमेकांचे स्पर्धक असलेल्या कंपन्यांनी एकच भाषा मान्य केली. दोघांना २०१३ मध्ये त्यासाठी तांत्रिक ग्रॅमी मिळालं. इतकी वर्षं झाली तरी तुमच्या मुलाचा कीबोर्ड तीच भाषा बोलतो. मला या गोष्टीचं फार अप्रूप आहे.

तेव्हा तो यूएसबीनं संगणकाला जोडा, एलएमएमएस हे संगीत रचायचं फुकट सॉफ्टवेअर घाला, सेटिंगमध्ये तो कीबोर्ड निवडा, आवाज येईल. मुलाला लग्नात किंवा देवळात नेऊन वाजवायचं असेल तर मात्र ज्याच्या पोटातच आवाज आहे असा ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड लागतो. घरी बसून रचना करायला हाच योग्य. पट्टी हळू आणि जोरात दाबून आवाजात फरक पडतो का, एवढं पाहून घ्या. पडत नसेल तर बदलून मागा.

मी गाणं शिकते. लॅपटॉपवर तानपुरा आणि ठेका लावून स्वतःचं ध्वनिमुद्रण करते. लॅपटॉप नवा आहे, ब्लूटूथ हेडफोन चांगल्या कंपनीचे आहेत. पण माझा आवाज मलाच उशिरा ऐकू येतो आणि लय घसरते. माझी लयच कच्ची आहे का? — एक विद्यार्थिनी, फोंडा, गोवा

लय कच्ची आहे असं अजिबात मनावर घेऊ नकोस. दोष ब्लूटूथचा आहे. ब्लूटूथ आवाज गुंडाळून पाठवतं आणि पलीकडे उलगडतं, त्यात सेकंदाचा दहावा हिस्सा तरी जातो, कधी कधी पाव सेकंदही. द्रुत लयीत, मिनिटाला २४० मात्रा चालल्या असतील, तर पाव सेकंद म्हणजे अख्खी मात्रा. अशा वेळी कुणीही घसरेल. गाताना वायरचा हेडफोन वापर. ब्लूटूथ नंतर ऐकायला ठेव.

वायर लावूनही थोडा उशीर उरला तर सॉफ्टवेअरमधलं बफर पाहा. आकडे जमवून मग पुढे पाठवायचे, तशी ती साठवण असते. १०२४ वर ठेवलं तर एका दिशेला २३ मिलिसेकंद लागतात, २५६ वर ठेवलं तर ६. हवेत आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो, त्या हिशेबानं २३ मिलिसेकंद म्हणजे तबलजी आठ मीटर लांब बसलाय आणि ६ म्हणजे दोन मीटरवर. दोन मीटरवर आपण रोजच गातो. विंडोज असेल तर एएसआयओ ड्रायव्हर घाल, म्हणजे हा उशीर कमी करणारं छोटं सॉफ्टवेअर. इंटरफेस घेतलास तर त्यावर डायरेक्ट मॉनिटर असं बटण असतं, त्यानं तुझा आवाज संगणकात न जाता सरळ कानात येतो.

एक आणखी. तू रूपकात सराव करत असशील तर मेट्रोनोमचा पहिल्या मात्रेवरचा ठळक ठोका बंद कर. ही सॉफ्टवेअरं पहिली मात्रा म्हणजे जोराची मात्रा असं धरून चालतात. आपल्या रूपकात पहिल्या मात्रेवर खाली, म्हणजे बिनजोराची मात्रा, आहे. तिथे जोराचा ठोका ऐकून ऐकून मुलं सम हरवतात, हे मी पाहिलंय.

मी नववीत आहे. आमचं गाव वाशिम जिल्ह्यात आहे. घरात एकच मोबाईल आहे, बाबा संध्याकाळी आले की मिळतो. लॅपटॉप नाही. मला संगणक-संगीत शिकता येईल का?

येईल बाळा, आजपासून येईल. मोबाईलमध्ये आवाज टिपायचं ॲप असतंच. बाबा आले की रोज एकच आवाज टिपायचा : दळणाची गिरणी, सूप पाखडणं, विहिरीवरची मोटर. दिवसा वहीत लिहून ठेवायचं, उद्या काय टिपणार आणि का. गिरणी एका सुरात चालते. तिच्या सुराला सा मानून भूप गाऊन बघ, आणि धान्य टाकल्यावर तिचा सा खाली उतरतो का ते ऐक. महिन्यात तुझ्याकडे तीस आवाज जमतील. मग बँडलॅब नावाचं फुकट ॲप घे आणि त्यातले चार आवाज एकाखाली एक ठेवून आठ मात्रांचा ठेका कर. त्यात तबला नको, फक्त तुझ्या घरातले आवाज. तयार झाला की मासिकाच्या पत्त्यावर मला पाठव. मी ऐकेन आणि उत्तर लिहीन.

चाळीस वर्षं गायन शिकवतो आहे. माझे विद्यार्थी आता तंबोरा सोडून संगणकाच्या सुरात गातात. त्या यंत्राचा गंधार माझ्या कानाला टोचतो. मिंड नाही, आंदोलन नाही. तुम्ही तर मिरजेच्या. तंबोऱ्याच्या गावात बसून मुलांच्या हाती हे देणं तुम्हाला योग्य वाटतं? — एक गायनगुरू, सोलापूर

गुरुजी, नमस्कार. तुमचं पत्र मी वर्गात मोठ्यानं वाचलं. तुमचा कान बरोबर आहे आणि ते आकड्यांतही दाखवता येतं.

हिशेबाला सोपं जावं म्हणून सा सेकंदाला २४० कंपनांचा धरू. तंबोऱ्याचा खरज, म्हणजे खालच्या सप्तकातला सा, झाला १२०. खरजाची तार छेडली की तिच्यातून १२० सोबत २४०, ३६०, ४८० आणि ६०० हेही सूर निघतात. हा ६०० म्हणजे वरच्या सप्तकातला शुद्ध गंधार. आपण ज्याला स्वयंभू गंधार म्हणतो तो हाच, कुणी न लावता तंबोऱ्यातून येणारा. संगणक मात्र सप्तकाचे बारा सारखे तुकडे करतो. त्याचा तोच गंधार ६०४.८ वर बसतो. दोन्ही एकदम वाजले की सेकंदाला जवळजवळ पाच वेळा थरथर होते. तीच तुम्हाला टोचते. पेटीचंही हेच आहे. याच कारणासाठी पेटीवर किती वाद झाले ते तुम्हाला माहीत आहे. १९४० साली ऑल इंडिया रेडिओनं तिला बंद दार दाखवलं आणि १९७१ मध्ये ते जरा उघडलं.

मी काय करते ते सांगते. ऑडेसिटीत दोन पट्टे घेऊन एकावर ६०० चा सूर तयार करायचा, दुसऱ्यावर ६०४.८ चा. मुलांना डोळे मिटायला सांगते. आधी एक, मग दुसरा; पुष्कळांना फरक कळत नाही. मग दोन्ही एकदम लावते. खोलीत ती थरथर सुरू होते आणि मुलं बोटांवर मोजू लागतात. मग मी ६०४.८ पुसून तिथे ६०० लिहिते. थरथर थांबते. एका मुलीनं त्या क्षणी सुस्कारा सोडला होता, मला अजून आठवतो. त्यानंतर तिनं पेटीबरोबर गंधार लावताना थांबून विचारलं, बाई, आत्ता कुठला लावू?

गुरुजी, हा प्रश्न तिला पडावा म्हणून मी शिकवते. आणि संगणक त्याच्या गंधाराला बांधलेला नाही, आपण त्याला तसं सोडून देतो. मघाशी चिपळूणच्या ताईंना सांगितलेल्या सॉनिक पायमध्ये गंधार ६४ आहे. तिथे ६३.८६ लिहा, तो शुद्ध होतो. धैवत ६९ ऐवजी ६८.८४ लिहा. मुलं ते दशांश पाठ करतात, जशी आपण अलंकार पाठ करायचो. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरण्याची आज्ञाही आहे, म्हणजे मिंडही येते. पण किती वेळात घसरायचं, मध्ये कुठे रेंगाळायचं, हे लिहावं लागतं. त्यासाठी मुलाला आधी ती मिंड गळ्यात हवी. दरबारीचा कोमल गंधार आम्ही लिहून पाहिला, तीन आठवडे. आंदोलनाचा वेग लिहिला, झोक लिहिला. जमला नाही. यंत्राचा झोका प्रत्येक वेळी सारखाच येत होता आणि मुलांनाच तो खोटा वाटला. शेवटी त्यांनी तो खोडला आणि तिथे एका मुलाच्या गळ्यातला गंधार ध्वनिमुद्रित करून लावला. तो निर्णय त्यांचा होता, मी एक शब्द बोलले नव्हते.

आता मिरजेचं. इथल्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आमच्या खोलीपासून सतारमेकर गल्ली चालत पाच मिनिटांवर आहे. मुलांना घेऊन मी तिथे जाते आणि इंटरफेस, माइक, लॅपटॉप बरोबर नेते. एका कारागिरानं आमच्यासमोर जवारी, म्हणजे तारेला गुंज देणारी घोडीवरची जुळणी, लावली. आधी तार घोडीवर कोरडी वाजली, ते आम्ही टिपलं. मग त्यांनी सुती दोरा तारेखाली सरकवला, अगदी केसभर, वाजवून पाहिलं, नाही म्हणाले, परत केसभर मागे घेतला. आणि एकाएकी तार बोलायला लागली. तेही टिपलं. लॅपटॉपवर स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे आवाजातले सूर रेघांनी दाखवणारं चित्र, उघडून दोन्ही शेजारी ठेवले. आधीच्या चित्रात तळाशी चारपाच रेघा आणि वर अंधार. नंतरच्या चित्रात थेट वरपर्यंत रेघांची शिडी उजळली होती. कारागीर चष्मा लावून बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिले. मग एका रेघेवर बोट ठेवून म्हणाले, ‘हा गंधार का?’ हो, तोच होता. स्क्रीनवर आकडा न वाचता त्यांनी ओळखला.

माझ्या वर्गात तंबोरा आधी लागतो, लॅपटॉप नंतर उघडतो. तुमचे विद्यार्थी तंबोरा सोडून गात असतील तर ते चूक आहे, इथे मी पूर्ण तुमच्या बाजूनं आहे. पण लॅपटॉप काढून घेऊ नका. एकदा त्यांच्यासमोर तुमचा तंबोरा आणि त्यांचा गंधार एकत्र वाजवा आणि थरथर मोजायला सांगा.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगी शाळेत म्युझिक टेक्नॉलॉजी शिकते. आईच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्यांची कॅसेट माझ्याकडे आहे, वडिलांनी गावी घरातच ध्वनिमुद्रित केलेली. आई आता नाही. मुलीला ही कॅसेट संगणकावर घ्यायची आहे, पण मागे घरघर फार आहे. ती काढायला काय सामान लागेल? — एक वाचक

ताई, तुमची मुलगी योग्य ठिकाणी शिकते आहे. १९५७ साली तुमच्याच न्यू जर्सीत, बेल लॅब्ज या संशोधनसंस्थेत, मॅक्स मॅथ्यूज यांनी आवाजाची लहरच आकड्यांत रचून संगणकाकडून पहिल्यांदा संगीत वाजवून घेतलं. सतरा सेकंदांचा तुकडा होता. तिला हे सांगा.

सामान थोडं लागेल. चालू स्थितीतला कॅसेट प्लेअर, त्याच्या हेडफोनच्या भोकातून निघणारी वायर, आणि लाइन इनपुट असलेला इंटरफेस. माइकच्या इनपुटला लावू नका, आवाज फाटतो. सुरू करण्याआधी प्लेअरचं हेड स्पिरिट आणि कापसाच्या काडीनं पुसा. कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे फिरवून घ्या, इतकी वर्षं पडून फीत चिकटलेली असते. मग न थांबता पूर्ण बाजू वाजू द्या. ४४,१०० आणि १६ बिट पुरेत, फाइल वेव्हमध्ये ठेवा, एमपीथ्रीमध्ये नको. स्टीरिओ तासाला साधारण ६३५ एमबी होतील.

घरघरीबद्दल मात्र थांबा. दोन घरघरी आहेत. एक फितीची, बारीक ‘स्स्स’ असा आवाज. ती ओव्या सुरू होण्याआधीच्या रिकाम्या जागेत एकटी ऐकू येते. मुलीला सांगा, तिथला दोन सेकंदांचा तुकडा निवडून ऑडेसिटीच्या नॉइज रिडक्शनला नमुना म्हणून द्यायचा आणि अगदी थोडी कमी करायची. दुसरी घरघर जात्याची आहे. सॉफ्टवेअरला ती सतत चालणारी म्हणून कचराच वाटते. जातं चालू असलेला तुकडा नमुना म्हणून दिला तर ते जातं काढून टाकील, आणि त्याबरोबर आईच्या आवाजातला खर्जही नेईल. जात्याच्या फेऱ्यावर ओवीची लय बसलेली असते. घास टाकायला हात थांबतो तिथे ओवीही थांबते. मुलीला हेडफोन लावून एक ओवी ऐकू द्या आणि आजी किती फेऱ्यांत एक ओळ म्हणते ते मोजायला सांगा.

न धुतलेली मूळ फाइल वेगळी ठेवा, तिला हात लावायचा नाही. तिच्या दोन प्रती करा. एक तुमच्याकडे राहू दे, दुसरी गावी ज्यांच्याकडे ते जातं अजून आहे त्यांच्याकडे पाठवा.